दीनाबाईचे धनी

"एकट्या बाईला मी खोली देत न्हाई," जिजी म्हणाली. दाराची कडी तिनं हातातून सोडली नव्हती. "घरात पुरुषमाणूस पाहिजे. तुझं धनी हायेत ना?"

"हायेत की," आई म्हणाली. "त्यांच्याबिगर मी एक पाऊल टाकत न्हाई."

जिजीनं आईला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. कपाळ मोकळं, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला एवढासा क्रूस, हातात दोन-दोन साध्या बांगड्या.

"किरिस्तावाच्या का तुम्ही?"

"व्हय."

"तरीच कुंकू न्हाई," असं स्वतःशीच पुटपुटत जिजीनं कडी सोडली. "या आत. खोली बघून घ्या."

मी आईच्या मागं ट्रंकेला टेकून उभी होते आणि जिजीची नजर चुकवत होते. कारण माझे वडील, स्तेफन मकासरे, काविळीनं जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

आता माझी आई खोटं बोलली का? मुळीच नाही. दीनाबाई मकासरे जन्मात कधी खोटं बोलली नाही, आणि त्या सवयीपायी आमचे हाल काही कमी झाले नाहीत. आमच्या घरात 'धनी' म्हणजे येशू. आईच्या वडिलांपासूनची ही रीत. पेरणीला निघताना आजोबा म्हणायचे, "धन्याला सांगून निघालो." गाय व्याली तर "धन्यानं दिलं." वडील होते तेव्हाही आई त्यांना कधी धनी म्हणाली नाही. त्यांना ती 'सालूचे बाबा' म्हणायची, सालू म्हणजे मी. धनी एकच, तो वरचा. आणि वरचा म्हणायचं ते सवयीनं, आईच्या लेखी तो खालीच असायचा, चुलीपाशी, पाण्याच्या वाटेवर, तिच्या डाव्या खांद्याशी कुठंतरी.

पण आपल्या भाषेत मालकही धनी आणि नवराही धनी. आईनं एका अर्थानं सांगितलं, जिजीनं दुसऱ्या अर्थानं ऐकलं. आणि कपाळाला कुंकूच नसलेल्या बाईचा नवरा आहे की गेला, हे नुसतं बघून जिजीला कळणार तरी कसं?

मला मात्र त्याच क्षणी कळलं. तेरा वर्षांची होते, पण असल्या बाबतीत मी आईपेक्षा पुष्कळ हुशार होते. मी तोंड उघडलं नाही. कारण आमच्या वाडीत शाळा सातवीपर्यंतच होती, आणि मला आठवीला बसायचं होतं. आईला संगमनेरला मिशनच्या दवाखान्यात स्वयंपाकघरात काम मिळालं होतं. काम मिळालं, खोली मिळेना. ज्या दारात जावं तिथं पहिला प्रश्न तोच, पुरुषमाणूस कोण? शाळा उघडायच्या आत खोली मिळाली नाही तर आम्ही परत वाडीला जाणार होतो, आणि तिथं माझ्या चुलत्यांनी माझ्यासाठी एक स्थळ हेरून ठेवलं होतं. मुलाची पिठाची गिरणी होती. चुलते म्हणायचे, पोरगी जन्मभर पिठाला कमी पडणार नाही.

म्हणून जिजीच्या अंगणामागची ती खोली म्हणजे माझ्यासाठी नुसती खोली नव्हती. तीत माझी शाळा होती.

जिजीचं खरं नाव यमुनाबाई टाकसाळे. सगळी आळी तिला जिजीच म्हणायची. पन्नाशीची, ठेंगणी, आणि जिभेला हाड नसलेली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात ठसठशीत डोरलं. तिचे यजमान नाशिकला कामाला असतात असं ती सांगायची. आळीतल्या बायका पदराआड सांगायच्या की काम कसलं, त्यांनी तिकडं दुसरं घर थाटलंय आणि पंधरा-वीस वर्षांत इकडं फिरकलेले नाहीत. दर वटपौर्णिमेला जिजी नवी साडी नेसून वडाला जायची. कुणी हसलेलं तिच्या कानावर आलं तर त्या बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

पहिल्याच आठवड्यात तिनं आईला अंगणात गाठलं.

"दीना, तुझं धनी दिसलं न्हाईत अजून. कुठं कामाला असत्यात?"

"त्यांचं काम काय एका जागी असतंय का जिजी? सगळीकडं असतंय," आई हसून म्हणाली आणि पाण्याला गेली.

"म्हंजे फिरतीचं," जिजीनं ठरवून टाकलं. संध्याकाळपर्यंत आळीत बातमी होती की मकासरेबाईचा नवरा एस्टीत कंडक्टर आहे. मला शाळेच्या वाटेवर एका आजीबाईनं विचारलंसुद्धा, "पोरी, तुझा बा कोणत्या गाडीवर गं? नाशिकच्या का पुण्याच्या?" मी म्हणाले, "बदलत असते," आणि पाय उचलला.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. पहाटे ती दवाखान्यात जायची, दुपारी यायची, आणि आळीतल्या गप्पांना बसायची तिला सवड नव्हती. तिला वाटायचं, जिजीला सगळं माहीतच आहे. 'धनी हायेत की' म्हटल्यावर जिजीनं मान डोलावली होती ना? मग झालं तर. तिच्या मते जगात धनी म्हटल्यावर दुसरं कुणी डोळ्यापुढं यायचं कारणच नव्हतं.

मला मात्र धाकधूक. एस्टीतला असला म्हणून काय, नवरा कधीतरी घरी यायलाच हवा. तेव्हा मी एक शक्कल काढली. आईनं बाबांचा एक सदरा ट्रंकेत जपून ठेवला होता. बाबा चांगले धिप्पाड होते. त्यांच्या सदऱ्यात मी आणि आई दोघी मावलो असतो. दर रविवारी उपासनेहून आलो की मी तो सदरा धुवायची आणि अंगणातल्या दोरीवर जिजीला दिसेल असा वाळत घालायची. कधी मुद्दाम बाह्या पसरून. येशूवर माझाही विश्वास होता, नव्हता असं नाही. पण जिजीला पटवायला येशूपेक्षा सदरा बरा, असं माझं मत होतं.

आईनं एकदा मला सदरा पिळताना पाहिलं. ती जवळ आली. माझ्या डोक्यावरून नुसता हात फिरवून आत गेली.

दिवेलागणीला मात्र रोज एक प्रसंग ठरलेला. भांडी घासून झाली की आई खोलीच्या उंबऱ्याशी बसायची आणि मोठ्यानं बोलायला लागायची. डोळे मिटलेले असायचे, पण सूर प्रार्थनेचा नाही, गप्पांचा.

"धनी, आज दवाखान्यातली डाळ लागली. तू बघितलंसच. डॉक्टरीणबाई काही बोलल्या न्हाईत, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सालूला गणित जड जातंय. मला त्यातलं काय कळतंय? तूच बघ." मग थोडा वेळ गप्प बसायची, ऐकत असल्यासारखी. मग हसायची. "बरं बरं. तुझं म्हणणं खरं हाय."

आमची आणि जिजीच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. जिजीला शब्द ऐकू जायचे, आणि मधली शांतताही.

"काय गं," तिनं एकदा विचारलं, "धन्याला अरे-तुरे करतीस?"

"कोण मी? धन्याला?" आईला नवल वाटलं. "लहानपणापासून मी त्याला तूच म्हणते जिजी."

"हां हां," जिजीला उलगडा झाला. "मामाचा पोरगा का?"

आई इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्याच्याहून जवळचं नातं," ती म्हणाली. जिजीही हसली. दोघी अगदी मनापासून हसल्या, दोघी वेगवेगळ्या गोष्टीला. मी दोरीवरचे कपडे काढायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

पण जाताना जिजी थबकली. "तुझं धनी बोलत न्हाईत फार. आवाज म्हणून येत न्हाई."

"ऐकून घेत्यात."

"ऐकून घेत्यात!" जिजी म्हणाली, आणि तिचा हात नकळत गळ्यातल्या डोरल्याकडं गेला. "नशीबवान हायेस बाई."

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. एका शनिवारी सकाळची शाळा सुटून मी घरी आले तर जिजीच्या दारात तिचा पुतण्या मुकुंदा उभा. बरोबर दोन माणसं आणि हातात भलं मोठं कुलूप. मुकुंदा म्हणजे जिजीच्या दिराचा मुलगा, बाजारात खताचं दुकान असलेला. जिजीच्या पुढच्या खोलीवर त्याचा डोळा होता हे आळीला ठाऊक होतं. त्याला तिथं पोती ठेवायची होती.

"काकू, काका हितं राहत न्हाईत," तो ओटीवर चढत म्हणाला. "घर टाकसाळ्यांचं. तुम्हाला एकट्या बाईला एवढं घर कशाला पाहिजे? मागची खोली घ्या, भाडेकरू काढा. म्हातारपणी हाल करून घेऊ नका."

"मुडद्या, तुझा काका जिता हाय अजून!" जिजी ओरडली.

"मग बोलवा त्यांना. आम्ही काय न्हाई म्हणतोय का?"

जिजी गप्प झाली. तिला असं गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला फार वाईट वाटलं. आळीतली दारं एकेक करून उघडली, पण उंबऱ्याबाहेर कुणी आलं नाही. बायका बघत होत्या, पुरुष बघून न बघितल्यासारखं करत होते. मुकुंदाच्या माणसांनी पुढच्या खोलीतली जिजीची खाट उचलून बाहेर ओढायला सुरुवात केली.

तेव्हा जिजी अंगणात धावली आणि आमचं दार बडवायला लागली. "दीना! अगं दीना! तुझ्या धन्यांना पाठव बाहेर! ह्या मेल्यांपुढं पुरुषमाणूस उभा राहिला पाहिजे!"

आईनं दार उघडलं. तिचे हात पिठानं भरलेले होते. झालं, मला वाटलं, आता सगळं उघड होणार.

"सांगते धन्यांना," आई शांतपणे म्हणाली. ती क्षणभर दारातच डोळे मिटून उभी राहिली. ओठ हलले. मग हात तसेच पिठाचे ठेवून, पदर खोचून ती अंगण ओलांडून पुढच्या खोलीत गेली आणि खोलीच्या मधोमध जमिनीवर बसली.

"ए बाई, ऊठ," मुकुंदा म्हणाला. "तुझा काय संबंध? तुझ्या धन्याला पाठव, त्याच्याशी बोलतो."

"माझं धनी हितंच हायेत," आई म्हणाली. "पण आधी माझ्याशी बोला. ही खोली जिजीची हाय. तिला त्यात राहायचंय. तुम्हाला कुलूप लावायचं असंल तर लावा, मी आत बसलेली असताना लावा."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते, म्हणून मला दिसलं. आईनं पिठाचे दोन्ही हात जमिनीवर घट्ट रोवले होते. आवाज मात्र नेहमीसारखाच होता.

मुकुंदानं आईकडं बघितलं. मग त्याची नजर अंगणाकडं गेली. रविवारी वाळत घातलेला सदरा मी त्या आठवड्यात काढलाच नव्हता, तो अजून दोरीवरच होता, बाह्या पसरलेला. मुकुंदा बुटका माणूस. त्यानं तो सदरा डोळ्यांनी मापला, आणि मग आमच्या खोलीच्या अर्धवट उघड्या दाराकडं पाहिलं. आत अंधार होता.

"बाईमाणसाच्या काय तोंडी लागायचं," तो म्हणाला. "धनी भेटला की बघतो." आणि कुलूप काखेत मारून, माणसांना घेऊन चालू लागला. खाट ओटीवरच पडून राहिली. ती उचलायला आता आळीतले चार पुरुष पुढं आले, मुकुंदा वळणावर दिसेनासा झाल्यावर.

जिजीच्या जिवात जीव आला तशी तिनं पहिलं काम केलं ते चुलीवर शिरा टाकला. तुपाचा वास अंगणभर झाला. थोड्या वेळानं ती एका हातात शिऱ्याची बशी आणि दुसऱ्या हातात चहाचा कप घेऊन आमच्या दारात आली, डोक्यावरून पदर नीट घेऊन.

"धन्यांना म्हणावं, एवढं घ्या," ती दबक्या आवाजात म्हणाली. "त्यांच्या जिवावर आज माझी अब्रू राहिली. समोर न्हाई आले तरी माणूस आत हाय म्हटल्यावर त्या मेल्याच्या तोंडचं पाणी पळालं."

"या की आत, जिजी," आई म्हणाली.

जिजी आत आली. खोली केवढीशी. एक खाट, एक ट्रंक, चूल, चार भांडी, आणि भिंतीवर मिशनच्या दवाखान्यातलं कॅलेंडर. जिजीनं खाटेकडं पाहिलं, दाराच्या मागं पाहिलं.

"कुठं हायेत?"

"हे काय, हितंच," आई म्हणाली, आणि मग जिजीचा चेहरा बघून तिला पहिल्यांदाच काही तरी वेगळं जाणवलं. तिनं कॅलेंडरकडं बोट केलं. चित्रात येशू दाराशी उभा राहून दार ठोठावत होता. "आमचं धनी. येशू."

जिजीनं चित्राकडं पाहिलं, मग आईकडं.

"आणि तुझा नवरा?"

"ते वारले. दोन वर्षं होऊन गेली. तुम्हाला म्हाईत न्हाई?"

"म्हंजे मघाशी आत कोणीच नव्हतं?" जिजीचा आवाज चढला. "मी कुणाच्या जिवावर त्या राक्षसापुढं ओरडत होते? तो आत शिरला असता म्हंजे? आणि तू, अगं, तू एकटी बसलीस तिथं?"

"एकटी नव्हते, जिजी."

"मला शिकवू नको! एस्टीत हाय म्हणालात, फिरतीला हाय म्हणालात. आणि तो सदरा? दर रविवारी दोरीवर पडतोय तो सदरा कुणाचा?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घातली. आईला सगळं कळायला फार वेळ लागला नाही. ती खाटेवर बसली.

"मला वाटलं," ती हळूच म्हणाली, "पोरीला बापाची आठवण येते म्हणून धुते."

ते ऐकलं आणि मला रडूच फुटलं. कारण तेही खरं होतं, मलाच ठाऊक नव्हतं इतकंच.

जिजी चहा आणि शिरा तसाच चुलीशी ठेवून तरातरा निघून गेली. तिचं दार धाडकन आपटलं. आई बराच वेळ हातावरचं वाळलेलं पीठ खरवडत बसली, मग उठली.

"सालू, भांडी बांध."

"त्या कुठं जा म्हणाल्या?"

"म्हणायला कशाला पाहिजे? त्यांनी खोली दिली ती घरात पुरुष हाय म्हणून. तसा न्हाई. मग ही खोली आपली न्हाई. फसवून घेतलेल्या घरात आपलं धनी राहायचं न्हाईत."

"आणि माझी शाळा?" मी किंचाळले. "तुझ्या धन्याला माझी शाळा दिसत नाही? त्याला काय जातंय, त्याला कुठं आठवीत बसायचंय!"

मला वाटलं आई मारणार. तिनं मला जवळ ओढलं आणि माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं. ती स्वतः रडत होती. "मलाबी भ्या वाटतंय गं," ती म्हणाली. "आता कुठं जायचं, मला काय ठाऊक न्हाई. पण त्याला ठाऊक हाय. ज्यानं आणलं त्यो वाऱ्यावर सोडत न्हाई. तुझे बाबा गेले तेव्हा मला वाटलं होतं, सोडलं यानं. न्हाई सोडलं, सालू. एक दिवस न्हाई सोडलं."

आम्ही ट्रंक अंगणात आणली. भांड्यांचं बोचकं तिच्यावर ठेवलं. आई किल्ली घेऊन जिजीच्या पायरीशी गेली. जिजी दारातच बसली होती, गुडघ्यांना मिठी मारून. शेजारच्या बायका कुंपणापाशी उभ्या होत्या, कान टवकारून.

"ही किल्ली, जिजी. माझं चुकलं. तुम्ही विचारलं तेव्हा मी धनी म्हणाले आणि गप्प बसले. नाव सांगायला पाहिजे होतं."

जिजीनं किल्ली घेतली नाही. "मी नाव कुठं विचारलं?" ती म्हणाली. "नवऱ्याचं नाव कोण विचारतं बाईला? आणि कोणती बाई सांगंल?"

आईनं किल्ली पायरीवर ठेवली.

"मला एक सांग. तो मुकुंदा खाट ओढत होता तेव्हा तुला ठाऊक होतं ना, खोलीत माणूस न्हाई ते?"

"व्हय."

"मग कशी बसलीस?"

"मी त्याला म्हणाले, धनी, मला लई भ्या वाटतंय, तू पुढं हो. मग तो पुढं झाला, आणि मी त्याच्या मागनं आले."

जिजी आईच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिली. मग एकदम, लग्नघरात म्हातारी बाई नव्या नवरीला दरडावते तशी म्हणाली, "नाव घे."

"काय?"

"नाव घे त्याचं. उखाण्यात घे. आता मी विचारतेय ना?"

कुंपणापाशी एक-दोघी खुसखुसल्या. आई लाजून लालेलाल झाली. "जिजी, तसे धनी न्हाईत ते. मालक ह्या अर्थी."

"मालकाचंच नाव घेत्यात. घे."

आईनं पदर सावरला. लग्नात माझ्या बाबांचं नाव घेतल्यानंतर तिनं पुन्हा कधी उखाणा घेतला नव्हता. तिनं डोळे मिटले. मला वाटलं, तिला काही सुचणार नाही. मग ती म्हणाली, अगदी स्पष्ट, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात:

"न्हाई कपाळी कुंकू, न्हाई गळ्यात डोरलं,
येशूचं नाव मी काळजावर कोरलं."

कुणी हसलं नाही. कुंपणापाशी उभ्या बायकांपैकी एकीनं डोळ्याला पदर लावला.

जिजीच्या कपाळावरचं ते रुपयाएवढं कुंकू आणि गळ्यातलं ते ठसठशीत डोरलं उन्हात लखलखत होतं. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "माझ्याकडं दोन्ही हाय," ती म्हणाली, "आणि नाव घ्यावं असा..." पुढचं तिला बोलता आलं नाही. इतक्या वर्षांत आळीसमोर जी बाई एकदाही रडली नव्हती ती त्या पायरीवर बसून लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. आई तिच्याशेजारी बसली. तिनं काही समजूत घातली नाही, नुसता तिचा हात धरून ठेवला.

बऱ्याच वेळानं जिजीनं नाक पुसलं आणि माझ्याकडं बघून खेकसली, "उभी काय राहिलीस टकाटका बघत? ट्रंक आत ने. आणि शिरा गार झाला असंल, खाऊन टाक."

मी ट्रंक उचलली. एवढी जड ट्रंक एकटीनं कशी उचलली, मला आजही सांगता यायचं नाही.

मुकुंदा पुन्हा एकदा आला होता, पण तोवर आई जिजीला घेऊन चावडीवर जाऊन आली होती, घर जिजीच्या सासऱ्यांनी सुनेच्याच नावानं ठेवलंय हे तलाठ्यानं साऱ्यांदेखत सांगितलं होतं, आणि या वेळी आळीतले पुरुष पुतण्या वळणावर दिसेनासा व्हायची वाट न बघता पुढं आले. मी आठवी झाले, अकरावी झाले, नर्सिंगला गेले. चाळीस वर्षं मी आजाऱ्यांच्या उशाशी उभी राहिले, आणि ज्या ज्या वेळी पाय कापले त्या त्या वेळी आईचं ते वाक्य म्हणाले: तू पुढं हो.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवसाच्या दिवेलागणीचं. भांडी घासून आई उंबऱ्याशी बसली. अजून तिनं तोंड उघडलं नव्हतं तोच जिजी आली. हातपाय धुतलेले, पदर डोक्यावरून घेतलेला. ती आईशेजारी टेकली.

"भिंतीपलीकडनं नीट ऐकू येत न्हाई," ती म्हणाली.

आई नेहमीसारखी बोलली. डाळीचं, माझ्या गणिताचं, मुकुंदाचं सुद्धा, त्याच्याही पोराबाळांना सुखी ठेव म्हणाली, त्यावर जिजीनं नाक मुरडलं. मग आई गप्प बसली. जिजीनं कोपरानं तिला ढोसलं.

"मी बोललेलं चालंल का त्यांना? मी तुमच्यातली न्हाई."

"बोला की."

जिजीला कसं बसावं ते कळेना. तिनं हात जोडले, सोडले, पुन्हा जोडले. डोळे गच्च मिटले. आणि कमी ऐकू येणाऱ्या पाहुण्याशी बोलावं तशी मोठ्यानं म्हणाली, "मी यमुना. ह्या घराची मालकीण."

ती थांबली. अंगणात अगदी शांत होतं. तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. मग तिनं उंबऱ्यावरून जरासं बाजूला सरकून जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "घर तुमचंच हाय."